अवांतर कोणास म्हणावें?

‘अवांतर’ या शब्दाची मराठींत बरीच अवनति झाली आहे. मीमांसेच्या आणि वेदांताच्या ग्रंथांत त्यास प्रतिष्ठेची जागा होती. महावाक्याच्या पोटांत जें लहान वाक्य येतें, त्यास अवांतर वाक्य म्हणत. तें मुख्य नव्हे, पण मुख्याच्या बाहेरचेंही नव्हे. आजच्या मराठींत अवांतर म्हणजे फाजील, असंबद्ध, अध्यक्षांनीं घंटा वाजवून थांबवावें असें बोलणें. दोन वर्षांपूर्वीं हाच शब्द मीं माझ्या हातानें एका गृहस्थाच्या चार ओळींवर शिक्क्यासारखा मारला. तेव्हांपासून त्याच्या दोन अर्थांपैकीं खरा कोणता, याविषयीं माझ्या मनाची स्वस्थता गेली आहे, आणि प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेंतून निघाला आहे.

हा प्रकार संगणकावरील एका नव्या वस्तींत घडला. तिचा परिचय ज्यांस नसेल त्यांच्यासाठीं आधीं थोडें स्थलवर्णन केलें पाहिजे. फेसबुक किंवा ट्विटर (ज्यास २०२३ पासून एक्स म्हणतात) हीं एकेका धन्याचीं गांवें होत. तेथें कोट्यवधि माणसें राहतात. पण जमीन, रस्ते, दिवे आणि कोतवाल हे सारे एकाच मालकाचे. याच्या उलट, फेडिव्हर्स या नांवानें ओळखला जाणारा जो प्रदेश आहे त्यास कोणी एक धनी नाहीं. तेथें हजारों स्वतंत्र घरें आहेत. यंत्रज्ञ त्यांस सर्व्हर म्हणतात. एखादें घर एकटा माणूस पदरमोड करून चालवितो, एखादें पांचदहा मित्र वर्गणी काढून चालवितात, एखादें एखाद्या विद्यापीठाचें असतें. घरें निराळीं असलीं तरी तीं आपसांत एकच बोली बोलतात. या बोलीचें नांव ॲक्टिव्हिटीपब. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें २०१८ च्या जानेवारींत तिला मान्यता दिली. त्यामुळें या घरांतील माणसाचें लिहिणें त्या घरांतील माणसास, टपालानें यावें तसें, बिनबोभाट पोंचतें. नियम ज्या त्या घराचे. आणि शेजारच्या घराचें वर्तन असह्य झालें तर त्याच्याशीं सर्व व्यवहार तोडण्याची मुभाही ज्याला त्याला आहे.

अशीं घरें बांधण्याचा सर्वांत प्रसिद्ध आराखडा म्हणजे मॅस्टोडॉन. जर्मनींतील ऑयगेन रोच्को या तरुणानें तो २०१६ सालीं लोकांपुढें ठेविला. २०१९ च्या नोव्हेंबरांत, सर्वोच्च न्यायालयांतील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचें खातें ट्विटरनें बंद केल्याच्या रागानें, आपल्याकडील पुष्कळ माणसें तिकडे गेलीं. दारांत पाऊल टाकतांच त्यांस एक प्रश्न विचारण्यांत आला, जो ट्विटरवर कोणी कधीं विचारला नव्हता: तुम्ही कोणत्या घरांत राहणार? परगांवीं रात्रीं उतरलेल्या माणसानें धर्मशाळा गांठावी, त्याप्रमाणें बहुतेक जण मोठ्या सर्वसाधारण घरांत शिरले, आणि त्यांतले बरेच कांहीं दिवसांनीं मुकाट्यानें परतले. मीही त्या लोंढ्यांतलाच. परतलों नाहीं इतकेंच.

सर्वसाधारण घरांत कोणीही यावें आणि कशावरही बोलावें. याहून निराळीं तीं विषयाचीं घरें. गणितज्ञांचें मॅथस्टोडॉन घ्या: तेथें समीकरणें छापील पुस्तकांतल्याप्रमाणें नीट उमटतात, आणि टेरेन्स टाओ यांच्यासारखे फील्ड्स पदकाचे मानकरी तेथें लिहितात. चित्रकारांचें घर आहे, पत्रकारांचें आहे. एका घराचा तर नियमच असा होता कीं इंग्रजी ‘ई’ हें अक्षर मुळींच वापरावयाचें नाहीं. आणि दुसऱ्या एका घरांत त्या अक्षरावांचून दुसरें कांहींच लिहितां येत नसे. या दोन घरांतील मंडळींनीं एकमेकांस उत्तरें कशीं दिलीं असतील, हा विचार माझी फार करमणूक करतो.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. विषय दारावर उभा राहणें निराळें आणि विषय जिभेवर बसणें निराळें. मॅस्टोडॉनवरील विषयाच्या घरांत विषय बहुधा दारावर असतो. गणिताच्या घरांत राहणाऱ्यानें आपल्या मांजराविषयीं लिहिलें तर त्यास कोणी हटकीत नाहीं. आंत कोण राहतात एवढेंच दारावरची पाटी सांगते. त्या घरांतील सर्वांचें लिहिणें एकत्र दिसण्याची एक जागा असते. तिला मी ओटा म्हणतों. लहान विषयघराच्या ओट्यावर संभाषण चालतें. लाखों रहिवाशांच्या सर्वसाधारण घराचा ओटा म्हणजे दादर स्थानकाचा फलाट. लेमी नांवाचा जो दुसरा आराखडा आहे त्यांत मात्र विषय जिभेवर बसतो. तेथें माणूस एका घरांत राहतो आणि विषयवार मंडळें भलत्याच घरीं भरतात. कोणत्याही घरच्यानें कोणत्याही मंडळांत जाऊन बसावें, पण बोलावें तें मंडळाच्या विषयावरच. विषय सोडून कोणी लिहिलें तर मंडळाचा निरीक्षक तें काढून टाकतो. २०२३ च्या जूनमध्यें रेडिटनें बाहेरच्या कार्यक्रमांकडून जबर शुल्क मागितलें, त्यावर रागावलेली मंडळी या लेमीकडे वळलीं. त्याच सुमारास आमचें मंडळ निघालें, आणि त्याच्या दोन निरीक्षकांपैकीं एक मी झालों.

मंडळाचा विषय जुनीं मराठी छापील पुस्तकें. गणपत कृष्णाजींच्या शिळाछापापासून जावजी दादाजींच्या निर्णयसागरापर्यंत, आणि तेथून पुढें हातजुळणीच्या शेवटच्या दिवसांपर्यंत. कोणी मुखपृष्ठाचें छायाचित्र घालावें, कोणी शीर्षकपृष्ठ फाटलेल्या पुस्तकाचें साल विचारावें, आणि एखाद्या पानावरील वेलबुट्टी कोणत्या छापखान्याची यावर पंधरा पंधरा दिवस वाद चालावा. बाहेरच्यास हें वेड वाटेल. आम्हांला तसें वाटत नसे. नियम एकच होता: विषय सोडून लिहूं नये. तो मीं घातला होता, आणि त्याचा मला अभिमान होता.

अभिमानाचें कारण सांगतों, कारण तें आजही मला खोटें वाटत नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत दोन अनोळखी माणसें भेटलीं कीं पहिला प्रश्न आडनांवाचा असतो, आणि उरलेले प्रश्न न विचारतां आडनांवावरून ताडले जातात. आमच्या मंडळांत टोपणनांवें होतीं, आणि पानावरच्या अक्षराखेरीज कशाचीच चौकशी नव्हती. एकदां माझ्या एका विधानांतील ढळढळीत चूक कोणी दाखविली. दाखविणारा एकोणीस वर्षांचा मुलगा होता हें मागाहून कळलें. वर्गांत त्यानें तें केलें असतें तर मीं काय उत्तर दिलें असतें हें मला ठाऊक आहे. येथें प्राध्यापकाचा झगा अंगावर नसल्यामुळें चूक मान्य करणें भाग पडलें. पुण्याची तांबट आळी हेंही एका धंद्याचें घर होतें. पण तेथील जागा जन्मानें मिळे. विषयाच्या मंडळांतील जागा आवडीनें मिळते, आणि ज्ञानानें टिकते. विषयाचें कुंपण जन्माच्या कुंपणाहून शतपट बरें, यांत मला शंका नाहीं.

या मंडळांत एक गृहस्थ होते. पानाचें छायाचित्र पाहून छापखाना सांगण्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘ळ’ची गांठ अशी आहे, ‘अ’चा पाय असा वळला आहे, सबब हे खिळे अमक्यांचे, असा त्यांचा निवाडा दोन ओळींत येई, आणि तो सहसा चुकत नसे. त्यांचें लिहिणें मी रोज वाचीत असें. त्यांचें गांव, वय, व्यवसाय यांपैकीं कांहींच मला माहीत नव्हतें. एका रात्रीं त्यांनीं चार ओळी लिहिल्या. सकाळीं पत्नी वारली होती. गेलीं तीन वर्षें त्यांस स्वतःला अक्षर दिसत नव्हतें. भिंग घेऊन पान पाहण्याचें काम पत्नीचें, ती प्रत्येक अक्षराचें वळण तोंडानें सांगे, आणि ते आठवणीशीं ताडून छापखाना ठरवीत. लिहूनही तीच काढी. त्या चार ओळी शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतल्या होत्या. आतां येथील काम संपलें, सर्वांस नमस्कार, असा शेवट होता.

आठच दिवस आधीं एका सभासदानें निवडणुकींतील उमेदवाराची भलामण मंडळांत केली होती, ती मीं अवांतर म्हणून काढली होती, आणि त्यानें पक्षपाताचा आरोप केल्यावर नियम सर्वांस सारखा आहे असें मोठ्या तोऱ्यानें जाहीर केलें होतें. त्या चार ओळी मीं दोनदां वाचल्या. हळहळ वाटली. मग त्या काढून टाकल्या आणि कारणाच्या रकान्यांत ‘अवांतर’ असें लिहिलें. सांत्वनाचें खाजगी पत्र लिहावें हें मनांत होतें; पण उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले होते, आणि पत्र दहा दिवस राहिलें. तोंपर्यंत त्यांनीं आपलें खातें पुसून टाकलें होतें.

हा प्रकार ज्यांना ज्यांना मीं सांगितला त्यांतल्या बहुतेकांनीं म्हटलें, इतकें काय, एक अपवाद करावयाचा होता. मला हें उत्तर वाटतें तितकें सोपें वाटत नाहीं. अपवाद करावयाचा म्हणजे दुःखें तराजूंत घालून तोलावयाचीं. पत्नीचा मृत्यु चालेल, मग भावाचा? पाळलेल्या कुत्र्याचा? धरणाखालीं गेलेल्या गांवाचा? ज्याला सभासद ओळखतात त्याचें दुःख राहूं द्यावयाचें आणि नवख्याचें काढावयाचें, असेंच शेवटीं होतें, आणि आडनांवाची जुनी विद्या मागल्या दारानें परत येते. अपवाद न्यायानें करावयाचा तर माणूस जाणला पाहिजे. आणि माणूस न जाणणें हीच तर आमच्या मंडळाची पुण्याई होती. त्या गृहस्थांची जात आम्हांस ठाऊक नव्हती म्हणून ते आमच्यांत राजासारखे वावरले. त्यांची दृष्टि गेली हेंही आम्हांस त्याच कारणानें ठाऊक नव्हतें. एकाच अज्ञानाच्या या दोन बाजू आहेत, आणि एक ठेवून दुसरी टाकतां येईल असा मार्ग मला अद्याप सांपडलेला नाहीं.

माझा एक मित्र, जो न्यायशास्त्र शिकवितो, मला निराळाच दिलासा देतो. तो म्हणतो, त्या ओळी अवांतर नव्हत्याच. मंडळांतील शेंकडों निवाडे ज्या डोळ्यांनीं झाले ते डोळे मिटले, ही बातमी विषयाबाहेरची कशी? निवाड्यांचें प्रमाण काय होतें हें प्रथमच त्या ओळींनीं सांगितलें. तर्क निर्दोष आहे, आणि तो त्या रात्रीं मला सुचला नाहीं याची मला लाज वाटते. परंतु या पळवाटेनें मला बाहेर पडावयाचें नाहीं. त्या बाईंनीं एकही पान कधीं पाहिलें नसतें, तरी ज्या माणसाशीं आम्हीं रोज बोललों त्याची बायको गेली होती. आमच्यावर त्याचा कांहीं हक्क होता कीं नाहीं, हा प्रश्न जागच्या जागीं राहतो.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत मैत्रीचे तीन प्रकार केले आहेत: उपयोगासाठीं केलेली, सुखासाठीं केलेली, आणि माणसाच्या सद्गुणासाठीं केलेली. पहिल्या दोन लौकर तुटतात, कारण त्यांत प्रेम माणसावर नसून त्याच्यापासून मिळणाऱ्या वस्तूवर असतें. या हिशेबानें विषयमंडळांतील स्नेह पहिल्या दोन खात्यांतच जमा होईल. सी. एस. लुईस यांनीं १९६० मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रेमविषयक ग्रंथांत याच्या उलट बाजू मांडली आहे: प्रेमिक एकमेकांकडे तोंड करून बसतात, मित्र खांद्याला खांदा लावून तिसऱ्याच एखाद्या गोष्टीकडे पाहत असतात. लुईस यांचें म्हणणें मला मैत्रीच्या आरंभापुरतें खरें वाटतें. सामाईक विषयावांचून आम्ही कधीं एका बाकावर बसलोंच नसतों. पण खांद्याला खांदा लावून बसलेल्यांपैकीं एकाचा खांदा गळून पडला, तर दुसऱ्यानें मान वळवून पाहावयाचें कीं नाहीं? ज्या बैठकींत मान वळविणें हाच नियमभंग आहे, तेथें मैत्री सुरू होईल, पण पुढें जाणार नाहीं.

मग विषय सोडून सर्वसाधारण घर धरावें काय? तिकडची स्थिति पाहिल्यावर घाईनें होय म्हणवत नाहीं. फलाटावर लाखों माणसें असतात, म्हणून तेथें रडणाऱ्याकडे कोणी पाहतोच असें नाहीं. लेमीवरील बीहॉ हें घर कोणा एका विषयाचें नव्हतें. सौजन्यानें वागावें एवढीच त्याची अट. २०२३ च्या जूनमध्यें लोंढा आला तेव्हां मूठभर निरीक्षकांस तो आवरेना, आणि त्यांनीं लेमी.वर्ल्डसकट दोन मोठ्या घरांशीं व्यवहार तोडला, कारण त्यांचीं दारें सताड उघडीं होतीं. सर्वांस सामावून घेण्याचें काम शेवटीं कोणातरी ठराविक माणसांच्या रात्री खाऊन चालतें, हें सर्वसाधारणतेचे स्तुतिपाठक विसरतात. उलट विषयघराचें एक निराळेंच संकट आहे. पत्रकारांसाठीं २०२२ च्या नोव्हेंबरांत एक घर निघालें, आणि थोड्याच दिवसांत कांहीं रहिवाशांच्या लिहिण्याबद्दल अनेक घरांनीं त्या अख्ख्या घराशीं संबंध तोडले. एकाच्या अपराधासाठीं आळीला वाळींत टाकण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

विषयवारीचा हा खटाटोप तसा जुनाच. यूझनेट नांवाच्या पूर्वीच्या जाळ्याची १९८६-८७ मध्यें पुनर्रचना झाली, तेव्हां संगणक, शास्त्र, करमणूक अशा खात्यांच्या जोडीस ‘किरकोळ’ असें एक खातें ठेवावें लागलें. ग्रंथपालांनाही दशांश वर्गीकरणांत प्रारंभींच ‘सामान्य’ असा वर्ग करावा लागतो. त्याच यूझनेटवर पुढें मराठी माणसांचाही एक गट झाला. मला अशा गटाची जात निराळी वाटते. भाषा हा दारावरचा विषय असतो, जिभेवरचा नसतो. तिच्यांत सगळे विषय मावतात, पत्नीचा मृत्युही मावतो, आणि तरी ती फलाट होत नाहीं. पुण्यांत १८७५ पासून चालत आलेल्या वसंत व्याख्यानमालेला कोणताही विषय वर्ज्य नाहीं, आणि १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाला एकाखेरीज सारे वर्ज्य. पण या दोहोंस येणारा श्रोता रात्रीं झोंपावयाला आपल्या घरीं जात असे, आणि तें घर या दोहोंपैकीं एकही नसे.

मला वाटतें आमची चूक येथें झाली. मंडळ हें बसावयाचें ठिकाण. आम्हीं त्याला राहावयाचें ठिकाण समजलों, किंवा निदान त्या गृहस्थांस तसें समजूं दिलें. या प्रदेशाची रचना अशी आहे कीं वास्तव्य एकीकडे आणि बैठक दुसरीकडे ठेवतां येते. एका धन्याच्या गांवांत ही सोय नाहीं. बैठकीनें विषयाशीं कडक राहावें. पण प्रत्येकाला असें एक लहानसें घर असावें, जेथें तो आठ दिवस दिसला नाहीं तर कोणी विचारील. असें घर किती मोठें असावें याचा आंकडा मला सांगतां येणार नाहीं. रहिवाशांस एकमेकांचीं टोपणनांवें पाठ असावींत, इतकें मोठें.

मीं स्वतः गेल्या वर्षीं बिऱ्हाड हलविलें. चाळीस-पन्नास मराठी माणसांच्या घरांत राहतों; त्यांत एक दंतवैद्य आहे, एक कॅनडांतील सुतारकाम करणाऱ्या बाई आहेत, आणि पुस्तकांच्या खिळ्यांत कोणालाही रस नाहीं. मॅस्टोडॉनवर घर बदलतांना आपलें लिहिणें वाचणारे लोक बरोबर नेतां येतात, पण पूर्वीचें लिहिणें नेतां येत नाहीं. तें जुन्या घरींच राहतें. मला त्याचें फारसें दुःख झालें नाहीं.

पुस्तकांचें मंडळ चालू आहे. नियम तोच आहे, आणि दुसऱ्या निरीक्षकाच्या आग्रहानें ‘अवांतर’ या नांवाचा एक धागा वर कायमचा बांधून ठेवला आहे. त्यांत सध्यां बहुधा आंब्याच्या भावाची चर्चा असते. त्या चार ओळी मी परत जागेवर ठेवूं गेलों, परंतु खातें पुसतांना त्यांनीं आपलें सर्व लिहिणेंही पुसलें होतें, आणि ‘ळ’च्या गांठीवरचे ते दोन ओळींचे निवाडे त्याबरोबर गेले. लेमीवर निरीक्षकाच्या प्रत्येक कृतीची एक नोंदवही असते. ती कोणासही उघडून पाहतां येते. तींत त्या रात्रीची नोंद आहे. काय काढलें तें आतां तेथें दिसत नाहीं. तारीख दिसते, कारण दिसतें, आणि काढणाऱ्याचें नांव दिसतें.